पेन ड्राइव्हभर धडे आणि तारेवर अडलेला हात

पत्र:

सर, मी परभणीला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय. चार वर्षांपासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. कॉर्ड आणि रिदम चांगलं जमतं, गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात मीच असतो. लीडचा, म्हणजे एकेक सूर पळवत सोलो वाजवण्याचा, वेग मात्र वाढत नाही. रोज तासभर मेट्रोनोमचे ठोके लावून १-२-३-४ चा, म्हणजे प्रत्येक तारेवर ओळीनं चार बोटं टाकण्याचा, व्यायाम करतो, तो मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत जातो. एका तारेवर वाजवलं तर हात पळतो. पण स्केलचा रन घेतला की ९०-९५ लाच गडबड होते. हल्ली मनगटही दुखतं. एका सीनियरनं पेन ड्राइव्हमध्ये शेकडो पीडीएफ दिल्यात, फोनमध्ये धड्यांचा ढीग साठलाय, वरून ‘३० दिवसांत श्रेडिंग’ (सुसाट लीड) अशी एका कोर्सची जाहिरात सारखी डोळ्यांपुढं येते. इथं लीड शिकवणारं कुणी मिळालं नाही. पाच हजार रुपये जमवलेत. पुस्तक घेऊ, कोर्स घेऊ की व्हिडिओवरच भागवू? टॅबवर (तारा आणि आकड्यांच्या लिपीवर) चालेल की नोटेशन शिकावंच लागेल? जानेवारीत गॅदरिंग आहे, त्यात एक सोलो वाजवायचाय.
एक वाचक, परभणी

उत्तर:

पाच हजार रुपये सध्या खिशातच राहू दे. काय विकत घ्यायचं ते नेमकं काय अडलंय यावर ठरतं, आणि त्याचा पत्ता तुझ्या पत्रातच लागतोय.

१-२-३-४ तू १२० ला वाजवतोस. ठोक्याला चार सूर धरले तर सेकंदाला आठ सूर झाले. मंद हाताच्या माणसाचं हे काम नाही. एका तारेवर हात पळतो असंही लिहितोस. म्हणजे उजव्या हातात वेग आहे, डाव्या हाताची बोटं तयार आहेत, दोघांचा मेळही बऱ्यापैकी बसलाय. गडबड होते ती फक्त स्केलमध्ये. मग १-२-३-४ आणि स्केल यांत फरक काय? पहिल्यात प्रत्येक तारेवर चार सूर पडतात. तुझं स्केल बहुधा तारेला तीन सुरांचं असणार. सगळी गोम या चार आणि तीनमध्ये आहे.

पिक, म्हणजे तार छेडायची पत्ती, तारांना अगदी समांतर पुढं-मागं जात नाही, थोडी तिरकी जाते. काहींच्या हातात खालचा स्ट्रोक मारला की पिकचं टोक दोन तारांच्या मधे रुततं आणि वरचा स्ट्रोक मारला की तारांच्या वर, मोकळ्यात येतं. काहींचं याच्या बरोबर उलटं असतं, तेही चूक नाही. तुझा हात पहिल्या जातीचा दिसतोय. तारेवर चार सूर वाजवलेस तर खाली, वर, खाली, वर. शेवटचा स्ट्रोक वरचा, पिक मोकळी, पुढच्या तारेवर जायला काहीच अडचण नाही. तीन सूर वाजवलेस की खाली, वर, खाली. सुरुवात सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड, तारेवर केली असेल तर आता पिक सहाव्या आणि पाचव्या तारेच्या मधे अडकलेली आहे आणि पुढचा स्ट्रोक पाचव्या तारेवर वरचा घ्यायचाय. त्यासाठी आधी ती तार ओलांडून पलीकडं उतरावं लागतं. हळू वाजवताना ही उडी जाणवत नाही, वेळ भरपूर असतो. ९५ ला वेळ संपतो.

म्हणजे तू रोज तासभर जे घोटतोयस त्यात ही उडी येतच नाही. लातूरच्या क्लासमधल्या कुठल्याही पोराला विचार, जो धडा पेपरला नाही त्याची उजळणी करून मार्क वाढत नाहीत. १-२-३-४ उद्या १४० ला गेलं तरी तुझं स्केल ९५ लाच राहील.

माझ्या निदानावर विसंबू नकोस, तपासून बघ. टेबलावर पुस्तकांची चळत लावून तिला फोन टेकव, चौकटीत फक्त उजवा हात दिसेल असा, आणि फोनमध्ये स्लो मोशन असेल तर तेच लाव. आधी १-२-३-४, मग स्केल, दोन्ही तुझ्या अडण्याच्या वेगाला. तार बदलताना पिक कुठं असते ते बघ. आणखी एक गोष्ट बघ: एकाच तारेवर वाजवताना पिक प्रत्येक स्ट्रोकनंतर वर उचलली जातेय का, खालच्याही आणि वरच्याही? स्केल अडायला लागलं की कित्येक जण नकळत प्रत्येक सुराला अशी उडी मारायला शिकतात. मनगट दोन्हीकडून ताणलं जातं, वेग तर मिळत नाहीच, वर दुखणं मिळतं. तुझं मनगट त्यामुळंच दुखतंय असं मी इथं बसून म्हणणार नाही. आठवडाभर व्यायाम बंद ठेव. तरीही दुखत राहिलं, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी हाडांच्या डॉक्टरकडं जा.

आता साहित्याकडं येऊ. कुठलं पुस्तक गाजलंय, कुणाचा हात किती पळतो, यावर धडा निवडू नये. तार बदलण्याच्या या अडचणीबद्दल त्यात काही आहे का, एवढं बघ. तिच्यातून वाटा चार आहेत. बोटं अशी बसवायची की तारेवर सूर दोन किंवा चारच येतील. किंवा वर चढताना तोच खालचा स्ट्रोक पुढच्या तारेवर तसाच ढकलायचा, त्याला इकॉनॉमी पिकिंग म्हणतात. किंवा तारेवरचा एखादा सूर पिकनं न वाजवता हॅमर-ऑन किंवा पुल-ऑफनं (डावं बोट तारेवर आपटून किंवा तार ओढून सोडून) घ्यायचा, म्हणजे स्ट्रोकची संख्या सम होते. चौथी वाट म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळं होणारी मनगटाची हालचाल शिकायची. ती सगळ्यांत अवघड. इंग्वी मालमस्टीनसारखा वेगासाठी नावाजलेला वादक चढताना स्ट्रोक ढकलतो आणि उतरताना पुल-ऑफ मिसळतो, प्रत्येक सूर पिकनं वाजवत बसत नाही. हे कळलं की ‘खाली-वर-खाली-वर, अजिबात अपवाद नको’ असं बजावणारी पुस्तकं तुला का जड जातायत तेही कळतं.

हा विषय सर्वांत नीट मांडलाय तो ट्रॉय ग्रेडी या अमेरिकन गिटारवादकानं, ‘क्रॅकिंग द कोड’ या मालिकेत. मोठमोठ्या वादकांच्या उजव्या हाताचं अगदी जवळून आणि संथ गतीत चित्रण करून त्यानं पिक नेमकी कुठून कशी जाते ते दाखवलं. यातलं बरंच यूट्यूबवर फुकट आहे. तुझी सुरुवात तिथून व्हावी. पण त्यातही माणूस बघत बसतो आणि वाजवायचं राहतं, म्हणून दोन-तीन भाग बघून थांब.

पुस्तक एकच घ्यायचं असेल तर ट्रॉय स्टेटिनाचं ‘स्पीड मेकॅनिक्स फॉर लीड गिटार’. हॅल लिओनार्ड या प्रकाशनानं १९९० मध्ये काढलं, अजून मिळतं. डावा हात, उजवा हात, दोघांचा मेळ असं सुटं करून शिकवतं, सोबत ऐकायला ध्वनिमुद्रण आहे. त्याचा सूर हेवी मेटलचा आहे, तुला ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी वाजवायची असली तरी हरकत नाही, हाताला राग कळत नाही. आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाजवायचं नसतं. आपल्या अडचणीची चार-पाच पानं शोधायची आणि तीन महिने त्यांच्यावरच राहायचं.

‘गिटार एरोबिक्स’ तुझ्या पेन ड्राइव्हमध्ये नक्की असणार, सगळ्यांच्याच असतं. बावन्न आठवडे, रोज एक नवा तुकडा. पुस्तक वाईट नाही, पण तुझ्याकडं विविधतेचा दुष्काळ नाहीये, उलट अतिवृष्टी झालीय. ते ठेवून दे. रॉक गिटारवादक पॉल गिल्बर्टचा ‘इन्टेन्स रॉक’ (१९८८) आणि जॉन पेट्रुचीचा ‘रॉक डिसिप्लिन’ (१९९५) हे व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातले धडे अजूनही बघण्यासारखे आहेत. गिल्बर्टकडचा सहा सुरांचा तो प्रसिद्ध तुकडा तर जरूर घे. दोन तारांत तार बदलण्याची सगळी परीक्षा आहे त्यात. बाकी हे दोन्ही करमणूक म्हणून बघ, अभ्यासक्रम म्हणून नको. स्टीव्ह वाय या गिटारवादकाचा दहा तासांचा सराव १९९० मध्ये ‘गिटार वर्ल्ड’ मासिकात छापून आला, तेव्हापासून पोरं त्याचं नाव घेऊन स्वतःला छळतायत. तुला एम.एस्सी. करायचीय.

तीस दिवसांच्या कोर्सबद्दल: नको. दिवसांचा आकडा जाहिरातीत असला की मी पुढं वाचत नाही. तरी मोह होत असेल तर त्यांचा एक नमुना धडा माग आणि बघ. शिकवणाऱ्याचा उजवा हात जवळून दिसतो का? तोच तुकडा तो आधी संथ आणि मग पूर्ण वेगात, कापाकापी न करता वाजवतो का? कॅमेरा सारखा चेहऱ्यावर असेल तर पैसे वाचव. फोनमधल्या धड्यांनाही हीच चाळणी लाव, ढीग मुठीएवढा होईल.

पीडीएफचं म्हणशील तर, चोरून उतरवलेल्या असतात ही एक गोष्ट झालीच. पण तुझ्या दृष्टीनं मोठा तोटा असा की त्यांच्यासोबतचं ध्वनिमुद्रण कुणी देत नाही, आणि लीडचं पुस्तक आवाजाशिवाय अर्धंच असतं.

टॅब चालेल. नुसत्या आकड्यांचा मात्र चालणार नाही. इंटरनेटवर साध्या अक्षरांत टाइप केलेल्या टॅबमध्ये कुठला फ्रेट (मानेवरची कुठली पट्टी) ते कळतं, कुठल्या मात्रेवर आणि किती वेळ ते कळत नाही. वेगाच्या कामात तेच तर कळायला हवं. टॅबच्या वर तालाची चिन्हं असलेलंच पुस्तक घे. ठोक्याला दोन, तीन, चार सूर कसे लिहितात एवढं शिकायला एक रविवार पुरतो. पूर्ण नोटेशन शिकायचंच असेल तर विल्यम लेविटचं १९६६ चं ‘अ मॉडर्न मेथड फॉर गिटार’ आहे, त्यात टॅब नाहीच. पण ते पुढच्या वर्षी. लॅपटॉप असेल तर टक्सगिटार नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. गिटार प्रो या टॅबच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच फाइल त्यात उघडतात, वेग कमी करता येतो, दोन मात्रांचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवता येतो. यूट्यूबही अर्ध्या वेगानं चालतं, आणि लॅपटॉपवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत गेलास तर एकेक चौकट पुढं सरकते. पिक कुठं आहे ते तेव्हा दिसतं.

मराठीत या कामाचं म्हणावं असं साहित्य माझ्या हाती लागलेलं नाही. पण एक साहित्य तुझ्या गल्लीतच पडून आहे आणि गिटारवाले त्याकडं ढुंकून बघत नाहीत. गायनाच्या किंवा पेटीच्या क्लासमध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी पोरं घोकतात ते अलंकार. सहाव्या तारेवर तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट म्हणजे सा रे ग. पाचव्या तारेवर तेच तीन फ्रेट म्हणजे म प ध. चौथ्या तारेवर चौथा, पाचवा, सातवा म्हणजे नी सां रें. तारेला बरोबर तीन सूर, म्हणजे तुझंच दुखणं. आता सारेग, रेगम, गमप असा तीन-तीनचा अलंकार यावर वाजव. तार बदलायची वेळ दर फेरीला वेगळ्या स्ट्रोकवर येते. मग सारेगम, रेगमप. यापेक्षा कसून परीक्षा घेणारा व्यायाम मला छापील पुस्तकात क्वचित दिसलाय, आणि तोंडानं म्हणता येत असल्यामुळं तो डोक्यातही लवकर बसतो.

मेट्रोनोमही तू बहुधा एकाच पद्धतीनं वापरत असशील: ६० पासून सुरू, दोन-दोननं वर. लय पक्की करायला ते ठीक आहे. पण वेगानं वाजवताना हाताची हालचाल बऱ्याचदा संथ हालचालीपेक्षा वेगळीच असते. चुकीची हालचाल ६० ला घोटून पक्की केली तर ९५ ला तीच आडवी येते. म्हणून उलटं कर. एका तारेवर, एकाच फ्रेटवर, सैल हातानं जेवढं भरभर वाजेल तेवढं दहा सेकंद वाजव. हात कसा हलतोय ते बघ. हालचाल हीच, आता फक्त वेग कमी करायचा. दुसरं, मेट्रोनोम ७० वर ठेवून तिथंच राहा आणि आपल्याकडं करतात तसं एकपट, दुप्पट, चौपट घे. चौपट फक्त एका ठोक्यापुरती, पाचव्या सुरावर थांबायचं. जमली की दोन ठोके. लहान तुकडा पूर्ण वेगात आणि मग विश्रांती, यानं हात ताणला जात नाही. भजनी मंडळातला एखादा तबलजी ओळखीचा असेल तर आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर बस. केहरव्याच्या आठ मात्रांवर तो लग्गी (ठेक्याचे भरभर वाजणारे बोल) सुरू करेल तेव्हा तुला कळेल, मेट्रोनोमवर पक्कं वाटणारं किती पक्कं आहे.

तासभर सलगऐवजी वीस-वीस मिनिटं दोनदा. रूममधल्या दोस्तासाठी हेडफोन लावत असशील तर चांगलंय. लाइट गेली तर नुसती गिटार वाजवायला हरकत नाही, पण रोजचा सराव तसा नको. अँपशिवाय नको त्या तारांचा गोंगाट ऐकूच येत नाही आणि स्टेजवर गेन (अँपवरची आवाजाची धार) वाढवला की तो उघडा पडतो. अर्धा वेळ क्लीन आवाजावर वाजव, पिकची चूक तिथं लपत नाही. अर्धा वेळ गेनवर, म्हणजे डाव्या बोटांची टोकं आणि उजव्या तळव्याची कड बाकीच्या तारा दाबतायत की नाही ते कळेल.

आता पैसे. पहिला खर्च गिटारवर. परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात गिटारची मान थोडी हलतेच, आणि चार वर्षांत तू सेटअप (मान आणि तारांची उंची जुळवणं) केला नसशील अशी मला दाट शंका आहे. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर पट्टीनं मोज. दीड ते दोन मिलिमीटरच्या बरंच वर असेल तर कुठलंही पुस्तक घे, बोटं दमणारच. नांदेड किंवा संभाजीनगरच्या चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून सेटअप करून घे, नवा ०.००९ चा (सगळ्यांत पातळ तार ०.००९ इंचाची) तारांचा सेट चढव. पिक एक मिलिमीटरपेक्षा जाड हवी, पातळ पिक वाकते आणि उशिरा सुटते. डनलॉपची जॅझ थ्री बघ, १.३८ मिलिमीटरची, लहान आणि टोकदार. मग ते एक पुस्तक. उरलेल्या पैशांत कोर्स न घेता माणूस घे. नांदेडला किंवा संभाजीनगरला महिन्यातून एकदा तासभर वेळ देणारा शिक्षक शोध, नाहीतर व्हिडिओ कॉलवर. तो वेगवान नसला तरी चालेल. तुझा उजवा हात बघून ‘इथं उचलतोयस’ एवढं त्याला सांगता आलं पाहिजे. पुस्तकाला तुझा हात दिसत नाही, आणि कॅमेऱ्यात तुला स्वतःला जे दिसेल त्यालाही मर्यादा आहे.

जानेवारीच्या सोलोचं. तोवर वेग येईल असं गृहीत धरू नकोस. त्यातला जो रन अडतोय तो बाहेर काढून तारेला दोन-दोन सुरांत बसतो का बघ, पेंटॅटॉनिकचे (पाच सुरांच्या स्केलचे) बरेच तुकडे बसतात. नाही बसला तर तारेवरचा तिसरा सूर हॅमर-ऑननं घे. तेही डिसेंबरच्या मध्यापर्यंत गाण्याच्या वेगाला सलग पाच वेळा स्वच्छ वाजलं नाही, तर तेवढ्या चार ठोक्यांत एक लांब बेंड (तार ओढून चढवलेला सूर) घे आणि बँडला तसं आधीच सांगून ठेव, नाहीतर ड्रमवाला तुझ्या रनची वाट बघत बसेल.